आत एक माणूस आहे

काम तसं किरकोळ होतं. लिफ्ट दुरुस्तीच्या एका छोट्या कंपनीचा कारभार जुन्या सॉफ्टवेअरमधून काढून नव्या एआय प्लॅटफॉर्मवर हलवायचा, एवढंच. दुपारच्या चहापर्यंत उरकतो, असं तो बसवायला आलेला टायवाला म्हणाला होता. टायवाला हे नाव ताईच्या धाकट्या भावानं ठेवलेलं. एवढ्या उकाड्यात गळा आवळून फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार हो?

कंपनी वडिलांची. ते गेल्यावर ती ताईनं चालवली आणि धाकट्यालाही तिनंच वाढवलं. आता तो कंपनीतला सगळ्यात तरबेज कारागीर होता, पण घरी यायला जरा उशीर झाला की ही अजून दारात उभी.

वडिलांनी घालून दिलेला एक नियम मात्र कोणी मोडत नसे. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, त्या शाफ्टमध्ये शिरताना कारागिरानं ऑफिसात फोन करून 'आत जातोय' म्हणायचं, आणि काम संपलं की 'बाहेर आलो'. ज्याचं त्यानंच म्हणायचं. ते कानावर पडेपर्यंत ताईनं त्याच्या कामाची नोंद बंद करायची नाही, आणि त्या लिफ्टची वीज कोणी चालू करायची नाही.

टायवाल्यानं बटण दाबलं. एकेक काम नव्या पडद्यावर येत गेलं आणि एके जागी गाडी अडली. टेबलावरच्या स्पीकरमधून एक गोड, शांत आवाज आला.

"एक काम उघडं आहे. आत एक माणूस आहे."

"हे कुठलं जुनाट काढलंय यानं?" टायवाला हसला. "पार्किंगच्या इमारतीतली लिफ्ट म्हणे."

ताईनं वाकून पडद्यावरचं नाव वाचलं. ते मामांचं काम होतं.

मामा म्हणजे वडिलांच्या वेळचे म्हातारे कारागीर, सगळ्यांचेच मामा. दाढ दुखायची म्हणून गालात कायम लवंग. फोनवर आधी दोनदा घसा खाकरणार आणि मग म्हणणार, "पोरी, बाहेर आलो गं." पार्किंगच्या त्या इमारतीत ते शाफ्टमध्ये पडले. त्यांना वर काढलं, सगळे जाऊन पोचवूनही आले. पण 'बाहेर आलो' म्हणायला मामा होते कुठे? त्यांचं काम बंद करायला ताईचा हात कधी धजावला नाही. ती लिफ्टही तेव्हापासून बंदच पडून होती.

"बंद करून टाका की," टायवाला म्हणाला.

"आमच्यात दुसऱ्याचं काम कोणी बंद करत नाही."

"मग दुसऱ्या कोणाच्या नावावर टाका. नुसतं नाव हो ताई! संध्याकाळी जुनं सगळं बंद होणार आहे."

सकाळपासून त्यानं डोकं खाल्लं होतं. ताईनं वैतागून धाकट्याचं नाव दाबलं. घरचाच माणूस, आला की सांगू, असा विचार केला बिचारीनं. एवढी जपून वागणारी बाई, पण घाईत काय करून बसली बघा!

"धन्यवाद," आवाज म्हणाला. "त्यांना निरोप पाठवला आहे."

"कसला निरोप?"

"आता पुढचं ते आपलं आपणच बघतं, ताई. तीच तर गंमत आहे!" टायवाल्यानं बॅग उचलली आणि तो गेलासुद्धा.

ऑफिसात पंखा तेवढा कुरकुरत होता. ताईनं धाकट्याला फोन लावला, तर तो लागेना. पुन्हा लावला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, आत जातोय. पार्किंगवाली लिफ्ट. आतल्या माणसाला बाहेर काढा, असा निरोप आलाय."

"अरे थांब! तिथं कोणी नाही. मागे फीर आधी!"

"असं काय करतेस? मला ऐकू येतोय ना तो... खाली आहे, अंधारात. खाकरतोय बघ... दोनदा."

"बाळा, माझं ऐक... बाहेर ये..."

"हात वर केलाय त्यानं... धरला मी... अगं, केवढा गार हात आहे..."

मग नुसती तारांची करकर ऐकू आली, आणि फोन बंद पडला.

ताईची पाचावर धारण बसली. चपला कुठे, किल्ल्या कुठे, काही सुचेना. ती दारापर्यंत पोचते तोच फोन पुन्हा वाजला. कोणीतरी दोनदा घसा खाकरला.

"बाहेर आलो."

आवाज धाकट्याचाच होता. ताईचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर मामांचं काम बंद झालेलं दिसलं आणि ती तिथंच खुर्चीत बसून रडली. खाकरण्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. कसं जाणार? भाऊ परत मिळाला होता ना.

थोड्या वेळानं तो दारातून आत आला. तोच निळा शर्ट, तेच विस्कटलेले केस. ताईनं धावत जाऊन त्याला मिठी मारली. तो बर्फासारखा गार होता आणि त्याच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता.

"रडतेस कशाला, पोरी?" तो म्हणाला.

ताई दोन पावलं मागे सरकली. धाकट्यानं जन्मात तिला पोरी म्हटलं नव्हतं.

"एक काम उघडं आहे," स्पीकरमधला आवाज गोडपणे म्हणाला. "आत एक माणूस आहे. तो ताई, ताई अशी हाक मारतो आहे. बाहेर आणायला कोणाला पाठवू?"

पडद्यावरून बाकी कारागिरांची नावं गेली होती. एकच उरलं होतं, तिचं स्वतःचं.

तो एव्हाना तिच्या खुर्चीत जाऊन बसला होता आणि गालातलं काहीतरी जिभेनं सावकाश फिरवत तिच्याकडे बघत होता. पळून जावं, दार लावून घ्यावं, असं तिला फार वाटलं. पण आत तिचा धाकटा होता. अंधाराला भ्यायचा म्हणून लहानपणी तिचा पदर धरून झोपायचा, तो.

तिनं आपलं नाव दाबलं आणि कपाटातली बॅटरी घेतली.

"पोरी," मागून हाक आली. आधी दोनदा खाकरून. "बाहेर आलीस की तुझ्या तोंडानं सांग हं. मी बसतो इथं फोनपाशी."

ताईनं दारातून मागे वळून पाहिलं. त्यानं फोन जवळ ओढला होता, आणि रिसीव्हर उचलून हलकेच बाजूला काढून ठेवला होता.