कपाटात कोंडलेल्या गांधीलमाश्या

शेतकी कचेरीतल्या साहेबांनी मावशीवर धडधडीत खोटा आळ घेतला. उगाच गोड शब्दांत सांगायचं कारण नाही. घेतला म्हणजे घेतला.

मावशी प्रयोगशाळेत गांधीलमाश्या वाढवायची. टाचणीच्या टोकाएवढ्या, माणसाला न चावणाऱ्या. त्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात, आणि अळी जन्मण्याआधीच संपते. या माश्या ज्यातून निघणार, ती बारीक काळी अंडी चिकटवलेली कार्डं शेतकऱ्यांनी मक्याच्या पानांखाली टाचायची. यंदाही टाचली होती. तरी मक्यात अळ्याच अळ्या. ‘कार्डं निकृष्ट’ असं साहेबांनी लिहून टाकलं. सोमवारपासून मावशीनं कामावर यायचं नव्हतं, तसं पत्रच आलं होतं.

सुट्टीला मावशीकडे आलेली भिंगरी हे ऐकून तडकली. मावसभाऊ मुंगळ्याला घेऊन ती थेट शेजारच्या आजोबांच्या मक्यात घुसली आणि एका कार्डावर भिंग धरलं. प्रत्येक अंड्याला भोक होतं.

“उंदरानं कुरतडलं असेल,” मुंगळ्या म्हणाला.

“उंदीर तुझ्या डोक्यात शिरलाय. एवढ्याशा भोकातून गांधीलमाशीच बाहेर पडते.”

म्हणजे माश्या धडधाकट निघाल्या होत्या. मग गेल्या कुठे? कार्डामागे मावशीच्या अक्षरात लिहिलं होतं: सात तारखेच्या आत लावा. आजोबांना कार्ड मिळालं बाराला, मोठे पाहुणे आले त्या कार्डवाटपाच्या समारंभात. तारखेचं त्यांनी विचारलंही होतं. ती नुसती लिहायची पद्धत असते, असं साहेबांनी हसून सांगितलं होतं.

आजोबांना घेऊन दोघं कचेरीत गेली. पाहुण्यांना बाराच तारीख सवडीची होती, म्हणून कार्डं कपाटात कुलूपबंद राहिली, असं शिपाईकाकांनी हळूच सांगितलं आणि कपाट उघडलं. फळीवर काळपट धूळ होती. भिंगाखाली त्या धुळीला पंख दिसले. मुंगळ्यानं श्वास रोखून ती कागदावर गोळा केली.

तेवढ्यात साहेब आले. “कोणाची पोरं ही?”

“तुम्ही जिला घरी बसवताय, तिची,” भिंगरीनं कागद त्यांच्यापुढे ठेवला.

साहेब म्हणाले, ही धूळ जुनी असेल. साहेबांपुढे कधी तोंड न उघडणारे शिपाईकाका पुढे झाले. “जुनी कशी असेल, साहेब? कार्डं यायच्या आदल्या दिवशी मीच फळी पुसली. कुलूपही मीच लावलं, तुमच्या सांगण्यावरून.”

“पोरांनी तासाभरात शोधलं ते,” आजोबा म्हणाले, “शोधायला तुमच्या कचेरीला महिना पुरला नाही.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, बघू.

भिंगरीनं खुर्ची ओढली आणि समोर बसली.

“आज शुक्रवार आहे, साहेब. मावशीचं पत्र आत्ता रद्द करताय की नाही?”