माणिकरावची तिसरी हाक

पटो न पटो, हे घडलेलं आहे. भूतबित मानणारं आमचं घर नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. तरी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मेहकरकडचं एक कोर्ट. माझे दाजी धम्मरत्न तिथे शिपाई आहेत. पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम.

त्या सकाळी आवारातल्या निंबाखाली माणिकराव नावाचा म्हातारा बसला होता. राहत्या घराचा दावा होता त्याचा.

"मी तिसऱ्या हाकेलेच उठीन, साहेब," तो म्हणाला. "भूत दोनदाच हाक मारते. त्याले ओ देल्ली का मानूस गेला."

दाजी हसले. "बसा बाबा. आपला पुकारा तीनदाच असते."

पण दुपारपर्यंत दाजींचा घसा पार बसला. माणिकरावचं नाव त्यांनी दोनदाच घेतलं अन् आत जाऊन सांगितलं, "गैरहजर."

कोर्टानं दावा काढून टाकला.

संध्याकाळी म्हातारा तिथंच...

"माही तिसरी हाक कवा?"

दाजी त्याच्याजवळ जाऊन बसले. "उद्या या. वकिलाले सांगून दावा परत लावू."

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्याच संध्याकाळी घरी जाताना बसमध्येच त्याचा जीव गेला.

मग भर दुपारी दाजींच्या दारात आवाज यायला लागला.

"धम्मरत्न..."

दारात कोणी नाही.

"धम्मरत्न..."

मग सगळं गपगार.

रोज दोनच हाका. दाजींचं जेवण सुटलं. समताताई, माझी बहीण, त्यांचा हात धरून बसायची. "ओ देऊ नका हो," एवढंच म्हणायची. एखाद्या दिवशी हे ओ देतील, ही धास्ती तिला होती. मलाही होती.

शेवटी सुट्टीच्या दिवशी दाजी मला घेऊन कोर्टात गेले. ओसरी रिकामी. त्यांनी हात जोडले अन् राहिलेला पुकारा केला.

"माणिकराव हाजिर हो..."

निंबाखालून... मी स्वतः ऐकलं.

"हाव. हजर हाय."

घरच्या हाका त्या दिवसापासून थांबल्या. ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

पण आता दाजी कोर्टात कोणाचंही नाव घेवोत, तिसऱ्या पुकाऱ्याला आधी निंबाखालून ओ येते. दाजींनाच ऐकू येते.

"हजर त झाला बे तो," परवा ते मला म्हणाले. "पन त्याले आत नेऊ कसा?"



दुपारी कोणी माझं नाव घेतलं की मी अजून हाका मोजतो.