खिडकीतला वाडगा

मासिकात सगळे त्याला खवय्या म्हणत. किनाऱ्यावरच्या गावाबद्दल लेख हवा होता: जुना किल्ला, पक्षी आणि अर्थातच जेवण. अडचण एकच होती. मोठ्या तापानंतर त्याच्या जिभेची चव गेली होती, नाकाला वासही येत नव्हता. बायको सोडून हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संपादकांच्या कानावर गेलं असतं, तर गाशा गुंडाळावा लागला असता.

म्हणून तो सगळ्यांच्या आधी, एकटा जेवायचा. चेहऱ्याकडे बघायला कोणी नको. पुढचं काम थापांवर निभावत होतं, आणि थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

खाणावळ समुद्राला लागूनच होती. पहिल्या दुपारी तो खाली आला तेव्हा मालकीणबाई मागच्या दारी मासे साफ करत होत्या. उघड्या खिडकीत माशांच्या सुपाचा वाडगा झाकून ठेवला होता. आपल्यासाठीच असणार असं धरून त्याने तो उभ्या उभ्या संपवला.

बाई आत आल्या आणि रिकामा वाडगा बघून थिजल्या. तो त्यांच्या नवऱ्यासाठी होता. होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. दर रविवारी बाई त्याच्यासाठी वाडगा भरत आणि तो पुढच्या रविवारपर्यंत तिथेच राही. आज शनिवार होता.

"साहेब, तुम्हाला वास नाही आला?"

तो ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "मिरी जरा जास्त झाली."

मग स्वतःच दचकला. मिरी! जिभेवर खरोखर मिरी होती. खोलीत जाऊन तो आनंदाने रडला.

बाई मात्र बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या. मिरीवरून घरात रोज कुरकुर कोण करायचं, ते त्यांनी संध्याकाळी वाढताना सांगितलं.

त्याने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. मिळेल ते चाखत, झपाटल्यासारखा तो लिहीत सुटला. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर वाटाड्या पुढे चालला होता. खवय्या मागून सहज म्हणाला, "पुढची पायरी हलते, भिंतीकडून जा." वाटाड्याने पाय टेकला. पायरी हलली.

"आधी आला होतात का इकडे?"

"नाही," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

उतरताना पक्ष्यांचा एक थवा ओरडत जमिनीकडे गेला, आणि वारा फिरणार हे त्याला कळलं. कसं कळलं, ते कळेना. तळहात चुरचुरत होते, दोर ओढल्यासारखे.

त्याला घरची आठवण काढावीशी वाटली. बायकोच्या हातची आमटी. तिची चव काही केल्या आठवेना. आमटीचा रंगही आठवेना. तोंडात फक्त खारटपणा होता.

लेख गेला खड्ड्यात, आजच निघायचं, असं ठरवून तो बॅग घेऊन खाली आला. खिडकी बंद होती. कडीही लावलेली. वाफाळणारा वाडगा टेबलावर होता.

फोन वाजला. बायकोचा होता. त्याला हायसं वाटलं.

"मी निघतोय," तो म्हणाला. "रात्रीपर्यंत पोचतो."



"कोण बोलतंय?" तिने विचारलं. "ह्यांचा फोन तुमच्याकडे कसा? त्यांना द्या जरा."

त्याने फोन कानापासून काढला आणि कोणाला द्यायचा म्हणून मागे वळून पाहिलं.

बाई खुर्ची सरकवून उभ्या होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "सूप निवतंय."