बेकरीवाल्याचा रिपोर्ट

त्या सकाळी रक्त काढायच्या टेबलावर माझी पाळी नव्हती. सहकारी आजारी पडली म्हणून मी लॅबमधल्या मशीनपासून उठून बाहेर आले, आणि समोरच्या खुर्चीत तो येऊन बसला. बाही वर सारली तर कोपरापर्यंत मैदा.

"बेकरीतून थेट आलोय," तो ओशाळून म्हणाला. "उपाशी आहे हं... पावांच्या राशीत बसून."

सुई टोचताना माणसं भिंतीकडे बघतात. तो माझ्याकडे बघत होता. पाच वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी एकच शीर दोनदा शोधली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन तो पुन्हा माझ्यासमोर. एसजीपीटी अठ्ठ्याहत्तर, ठळक अक्षरांत.

"खरं सांगा मॅडम, लिव्हर कामातून गेलं का?"

"ते डॉक्टर सांगतील."

"ते घाईत सांगतील. तुम्ही सावकाश सांगा ना."

मग सांगितलं. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं एसजीपीटी नावाचं द्रव्य रक्तात झिरपतं. आमच्याकडे चाळीसपर्यंत ठीक धरतात. पण त्यावरून फक्त इजा कळते. लिव्हर काम कसं करतंय, ते अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते प्रथिन, आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघून कळतं, आणि त्याचं ते दोन्ही छान होतं. बिलिरुबिनही बेताचं, म्हणजे कावीळ नाही.

"चरबी साठली असेल. वजन उतरवलंत तर हेही उतरेल बहुतेक."

"उतरायलाच हवं," तो हळूच म्हणाला. "ताईला लिव्हरचा तुकडा द्यायचाय."

त्याच्या थोरल्या बहिणीचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. घरात रक्तगट जुळला तो याचाच. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

मग दर दुसऱ्या मंगळवारी तो यायचा, आणि त्या दिवशी टेबलावरची पाळी मी मागून घ्यायचे.

"दिवसभर केक सजवतो आणि काकडी खातो. देव परीक्षा बघतोय माझी."

"आम्हीही बघतोय. निकाल उद्या."

एकसष्ट. सत्तेचाळीस. आणि मग तेहतीस... मी तो नमुना मशीनवर दोनदा लावला. दोन्ही वेळा तेहतीस. आनंद झाला, आणि लगेच दुसरा विचारही आला. आता तो लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात जाणार. एका बाईचा जीव वाचायची आशा दिसत होती आणि मी माझे मंगळवार मोजत होते. स्वतःचीच लाज वाटली.

"पास?" त्याने विचारलं.

"पास."

तो कागदाची घडी घालत उभा राहिला. "मॅडम, एक विचारायचं होतं..." तेवढ्यात मागच्या माणसाचा नंबर पुकारला गेला. "राहू दे. आल्यावर." जाताना माझा फोन नंबर तेवढा लिहून घेतला.

ऑपरेशननंतर चार दिवस काहीच कळलं नाही. माझं जेवणात लक्ष नव्हतं. पाचव्या दिवशी मोबाइलवर रिपोर्टचा फोटो आला. एसजीपीटी साडेतीनशे. खाली एकच शब्द, 'नापास?'

'नाही. लिव्हर कापलं की चढतंच,' मी लिहिलं. 'रोज उतरतंय का ते बघा. बिलिरुबिनही कळवा. आणि तिथल्या डॉक्टरांना विचारत जा.'

मग रोज फोटो. मी आकड्यांबद्दल लिहायचे. बाकीचं लिहून लिहून पुसायचे. हळूहळू सगळं नॉर्मलला आलं... आणि फोटो थांबले. ताईंना हॉस्पिटलजवळच भाड्याच्या घरात राहायचं होतं, तोही तिथेच होता, एवढंच शेवटी पत्त्यासकट कळलेलं. असे सात मंगळवार गेले.

आठव्या आठवड्यात मी रजा टाकली. "एकाला भेटायला जातेय," आईला म्हटलं. तिने काही न विचारता डबा भरून दिला.

सहा तासांचा प्रवास. आत नव्या लिव्हरच्या ताई, त्यांना संसर्ग नको, म्हणून दारातच मास्क लावला आणि बेल वाजवली. दार त्यानेच उघडलं. केवढा वाळला होता.

"कोण हवं—" तो थांबला. "तुम्ही?"

"हो."

"रिपोर्टमध्ये काही...?"

"रिपोर्टसाठी नाही आले." मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमचं सगळं नॉर्मल झालं आणि तुम्ही लिहायचं बंद केलंत. मला ते सहन होईना."

तो दाराची कडी धरून उभा होता. "मला वाटलं, आता बरा झालो... उगाच तुम्हाला कशाला त्रास?"

"द्या ना त्रास."

आतून ताईंचा बारीक आवाज आला. "अरे, तिला दारातच उभी करणार आहेस का? इतके दिवस तिच्याविषयी बोलून माझं डोकं खाल्लंस ना?"

त्याचे कान लाल झाले. त्याने माझी पिशवी घ्यायला हात पुढे केला. पिशवीच्या बंदाबरोबर माझी बोटंही त्याच्या हातात गेली, आणि आत जाईपर्यंत त्याने ती सोडली नाहीत.