पाच फूट पाच

माझे साडू त्या रात्री निघाले होते फक्त शिडी आणायला. गेल्या वर्षीची अठरा नोव्हेंबर, मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. घरातली लाईट गेली होती, फ्यूज उंचावर आणि शिडी होती जंगलनाक्यावर. हसताय काय? ऐका आधी.

साडू वनरक्षक. माणूस भला, पण डोकं तिरपं. लाकूडचोरांनी उच्छाद मांडला, तेव्हा त्यांनी शक्कल लढवली. जीपच्या टपावर उभे राहिले आणि बारा फुटांवर तीन झाडांची साल पहारीने ओरबाडली, फांद्या पिळून मोडल्या. जंगलात कसलंतरी जनावर आलंय, अशी आवई उठली. चोरांनी धूम ठोकली.

पण नाक्यावरच्या चौकीदारकाकांनाही ते खरं वाटलं. म्हातारा चिकाटीचा. शिडीवर चढून प्रत्येक खूण टेपने मोजायचा, मग खाली उतरून बुंध्यावर खडूने तारीख आणि माप लिहायचा.

"साहेब, एवढं उंच काय असेल हो?"

"कोण जाणे, काका."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण काकांच्या पोटात काही राहत नसे, म्हणून साडू गप्प बसले. तिसऱ्या झाडाशी शिडी निसटली, काका जागीच गेले. काकूंनी विचारलं, "त्या जनावरानेच केलं ना?" साडूंनी होकारार्थी मान हलवली. मला म्हणाले, "ती मान हलवली ना, ती आजवर टोचतेय."

काका गेले त्याला त्या रात्री बरोबर वर्ष झालं होतं. साडूंच्या ते ध्यानातही नव्हतं.

नाक्यावर शिडी नव्हती. ते परत फिरले. बघतात तर शिडी त्यांच्याच दारातल्या झाडाला टेकवलेली.

मोबाईलचा टॉर्च विझला.

मागे टेप ओढल्याचा आवाज. सर्रर्र...

टाचेला काहीतरी गार लागलं. मग पाठ. मग मान...

डोक्यावर येऊन थांबलं.

साडू हलले नाहीत. झाडावर खडू घासत होता...

मग शांत.

उजाडल्यावर पाहिलं. साल शाबूत, एक फांदी मोडलेली नाही. बुंध्यावर काकांचं अक्षर. तारीख, आणि खाली पाच फूट पाच इंच. साडूंची उंची, पोरांनो.

त्याच सकाळी ते काकूंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. काकूंनी दार लावून घेतलं.

एक अख्खा पावसाळा गेलाय मधे. परवाच मी त्यांच्याकडे जाऊन आलो. बुंध्यावरचा खडू तसाच आहे.