मापपुतळा

त्या सोमवारी तक्रारपेटीत एक तक्रार येऊन पडली, आणि ती उघडायची कशी हेच रेवती आवटीला क्षणभर आठवेना. माणसाच्या हातची तक्रार येऊन सव्वातीन वर्षं झाली होती.

रेवती मिरजेला तंत्रनिकेतनात शिकवायची आणि उरलेल्या वेळात, गेली अठरा वर्षं, 'बोलकी'चं काम करायची. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गमावलेल्यांसाठी जगभरच्या प्रोग्रामरांनी आपखुशीने, एक पैसा न घेता लिहिलेली ही प्रणाली. तळहाताएवढं यंत्र गळ्यात अडकवायचं, त्यावर टाइप करायचं, की ते तुमच्याच आवाजात बोलणार. शस्त्रक्रियेआधी नोंदवून ठेवलेल्या त्या आवाजात. तिला मालक नव्हता. होते ते वापरणारे आणि स्वयंसेवक. पूर्वी रोज दोनदोनशे तक्रारी यायच्या. कुणाला अक्षरं बारीक दिसायची, कुणाचं यंत्र शिव्या गिळून टाकायचं. स्वयंसेवक त्या वाचायचे, आपसांत भांडायचे आणि दुरुस्त्या करायचे. बोलकी वाढली ती या तक्रारींवरच.

मग मापपुतळे आले. बायकांचे कपडे शिवणाऱ्या मोठ्या दुकानांत एक कापडी पुतळा असतो. गिऱ्हाइकाची मापं त्याला दिली की गिऱ्हाइकाने पुन्हापुन्हा अंगावर घालून बघायला यायची गरज नाही. डॉ. फिरोज मुलाणी यांनी हेच माणसाच्या सवयींबाबत केलं. तुमची बोटं किती चपळ आहेत, तुम्ही कशाने वैतागता, किती वेळ वाट बघून नाद सोडता, ही सगळी मापं घेऊन त्यांनी प्रत्येक वापरणाऱ्याचा एक पुतळा संगणकात उभा केला. नवी आवृत्ती लोकांच्या हाती पडण्याआधी चाळीस लाख पुतळे ती एका दुपारी वापरून बघत आणि आपला अभिप्राय देत. एवढंच नव्हे, मुलाणी पुतळ्यांची वयंही वाढवत. त्याच वाटेने पुढे गेलेल्या लाखो माणसांवरून आणखी वर्षाने आपला माणूस काय मागेल हे पुतळा आधीच सांगे, आणि स्वयंसेवक ती दुरुस्ती तयार करून ठेवत. दुखायच्या आधीच औषध मिळाल्यावर लोक कशाला लिहितील? लिहिणं बंद झालं.

सोमवारची तक्रार तासगावच्या आनंदा कोष्टी यांची होती. त्यांनी लिहिलं होतं की पूर्वी बोलण्याआधी यंत्र त्यांच्याच आवाजात हलकेच खाकरायचं, ते नव्या आवृत्तीत बंद झालंय, ते परत द्यावं.

रेवतीने नोंदी काढल्या. खाकरण्यात पाऊण सेकंद वाया जातो म्हणून बहुतेक पुतळ्यांनी ते काढायला सांगितलं होतं. खुद्द कोष्टींच्या पुतळ्यानेही. माणूस आणि त्याचा पुतळा यांचं जमलं नाही तर तक्रारीवर 'बेमेल' असा शिक्का बसे, आणि त्या आठवड्याच्या स्वयंसेवकाने ती बंद करायची असे. शंभरातली सत्त्याण्णव माणसं अकरा दिवसांत आपल्या पुतळ्याच्या मताला येतात, असं दिसून आलं होतं. या आठवड्याची पाळी रेवतीची होती. बटणापाशी जाऊन तिचं बोट थांबलं. कोष्टींनी शेवटी लिहिलं होतं, 'माझंच काही चुकत असलं तर माफी असावी.' ते तिला बरं वाटलं नाही. गुरुवारी सुट्टी काढून ती तासगावला गेली.

कोष्टी बेदाण्याच्या सौद्यात तीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस. आता सत्तरीला आलेले, सडपातळ, गळ्याशी मफलर. पत्नी शालनताई ओसरीवर बसून बेदाण्याच्या काड्या निवडत होत्या. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला होता. कोष्टींनी काही न सांगता यंत्र त्यांच्या दिशेने धरलं आणि टाइप केलं. "शालन, च्या ठेव," असा आवाज आला तशा त्या दचकल्या, छताकडे, मग दाराकडे बघू लागल्या. हातातलं ताट कलंडलं.

मग कोष्टींनी फडताळातून जुनं यंत्र काढलं. ते आधी खाकरलं. शालनताईंनी लगेच मान वळवली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बोला की."

रेवतीने परत येऊन मुलाणींना फोन लावला. पुतळा चुकला, असं तिने सांगितलं. मुलाणींनी शांतपणे ऐकून घेतलं. स्वतःच्या कामाचा त्यांना अभिमान होता, गर्व नव्हता.

"चुकला नाही, त्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "आम्ही माप एकट्या माणसाचं घेतो. पुतळ्याला बायको नसते."

यावर उपाय सोपा होता. कोष्टींच्या परवानगीने शालनताईंच्या दुखण्याची माहिती पुतळ्याला दिली. पुतळ्याने ताबडतोब खाकरा परत मागितला. रेवतीने तो दोन दिवसांत स्वतः लिहून जोडला, आणि घरातल्या माणसांबद्दलही विचारायचं असं समुदायाने एकमताने ठरवलं. लाखो लोकांनी ती माहिती भरली. एका माणसाच्या तक्रारीने एवढं घडलं याचा रेवतीला आनंद झाला.

तो फार टिकला नाही. पुतळ्याचं वय वाढवून घेतलेला पुढचा अभिप्राय आला तेव्हा मार्च चालू होता. कोष्टींच्या पुतळ्याने लिहिलं होतं, 'येत्या नऊ फेब्रुवारीपासून खाकरा काढून टाका. गरज नाही.'

तिने मुलाणींना कारण विचारलं.

"का, ते त्याला विचारू नका. माणूस काय मागेल एवढंच त्याला कळतं. त्याच्यापाशी कारण नसतं."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्हाला वाटतं तेच," मुलाणी म्हणाले.

हा अंदाज शंभरात शहाऐंशी वेळा खरा ठरत असे. प्रत्येकाला आपल्या पुतळ्याचा प्रत्येक अभिप्राय बघता आला पाहिजे, हा समुदायाचा नियम होता. आपल्या मापांवर आपला हक्क, असं म्हणत सात वर्षांपूर्वी रेवतीनेच त्यासाठी हात वर केला होता. आता तेवढी एक नोंद झाकावी की काय, या विचारात तिने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी कोष्टींचा निरोप आला. त्यांनी नोंद वाचली होती. डॉक्टर तर शालनला अजून पाच-सहा वर्षं आहेत म्हणाले होते, मग पुतळ्याने फेब्रुवारी कशावरून लिहिला, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तुमच्यासारख्या दोन लाख घरांवरून, असं रेवतीने कळवलं. खोटं लिहायला तिचा हात धजला नाही. पुतळा कारण सांगत नाही, हेही तिने लिहिलं. पण ते कोष्टींनी किती मनावर घेतलं कुणास ठाऊक.

त्यानंतरचे अकरा महिने कोष्टी त्या तारखेकडे तोंड करून जगले. सौद्यात नवी पोरं तयार करायला जायचे, ते बंद केलं. नाशिकच्या लेकीला मुलांसह दोनदा बोलावून घेतलं. शालनताईंना नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं, त्यांच्या बहिणींना भेटवलं. त्यांना साधी शिंक आली तरी डॉक्टर. रेवती दर महिन्याला फोन करी, आणि यंत्रातून कोष्टींचा जुना, खणखणीत, लिलावातला आवाज सांगे की आज जेवली, आज खोकला हाय जरा, आज श्वास जड वाटतोय. शालनताई काय म्हणतात, असं रेवतीने विचारलं की म्हणत, "फार बोलत न्हाई. बरं हाय."

फेब्रुवारीच्या सहा तारखेला त्यांचे चार शब्द आले. 'मॅडम, खाकरा काढून टाका.'

रेवतीने कुणालाही फोन न करता तासगाव गाठलं. वाटेत सांत्वनाला काय बोलायचं ते जुळवत होती. अंगणात शिरली तर शालनताई ओसरीवर बसलेल्या. अंगाने भरलेल्या, केस नीट विंचरलेले. तिच्याकडे बघून हसल्या आणि पाणी आणते म्हणाल्या.

कोष्टी आतून आले आणि यंत्रावर बोट ठेवलं. यंत्र खाकरलं.

शालनताई चटकन उठल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि भिंतीला लागून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. ओल्या हळदीने माखलेले हात लपवावेत तसे हात त्यांनी पदराआड घेतले होते. कोष्टींनी "बस" म्हणून दोनदा सांगितलं. त्या बसल्या नाहीत. शेवटी ते मागच्या दाराने निघून गेले तेव्हा शालनताईंनी पदर जरासा सारला आणि हलक्या आवाजात रेवतीला विचारलं, "मामा गेले काय वो?"

रेवती परसात गेली तेव्हा कोष्टींनी बराच वेळ टाइप केलं.

"माझ्या बापाचा, म्हंजे तिच्या मामांचा, खाकरा असाच. दारात खाकरला की सुना उठून उभ्या. ही परत नवी सून झालीया. दिवाळीपासनं हाय हे. परवा मी खाकरून बाहेर गेलो, ही तासभर तशीच उभी. पाय सुजले." ते थांबले, पुन्हा बोटं हलली. "मी तिच्या मरणाकडं डोळं लावून बसलो, मॅडम. ती दुसऱ्या वाटंनं गेली. जाताना माझ्याकडं बघत असंल, तवा मी तिचा श्वास मोजत हुतो."

दुरुस्ती वर्षभर तयारच होती. कुणा उत्साही स्वयंसेवकाने ती लिहून, तारीख घालून ठेवली होती. रेवतीने तीन दिवस आधीच ती लागू केली. अंदाज अचूक ठरल्याची नोंद आपोआप झाली.

मुलाणींना तिने सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, हे कारण पुतळ्यांना शिकवायचं का? विसर पडणारं माणूस असलेली घरं पुतळ्यांना ठाऊक होती. ओळखीचा आवाज कुठल्या दिवशी परक्याचा किंवा भलत्याच माणसाचा वाटू लागेल, हे पुतळे आता सांगू शकतील, आणि त्या दिवसाआधीच प्रत्येक घरी खाकरा बंद करता येईल. "मात्र या वेळी कारणही लिहू," ते म्हणाले. "म्हणजे कुणी कोष्टींसारखी चुकीची समजूत करून घेणार नाही. निर्णय तुमचा. तक्रार तुम्ही उघडलीत."

तो दिवस कुणाला आधी सांगू नये असं रेवतीला वाटत होतं. पण कुठेतरी कुणी म्हातारं माणूस सुजल्या पायांनी भिंतीला लागून उभं असेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. चार दिवसांनी तिने होकार कळवला.

पुतळ्यांनी एका दुपारी काम उरकलं. ज्यांचा दिवस अजून यायचा होता अशा सतरा हजार घरांपुढे तारखा पडल्या, आणि प्रत्येक तारखेपुढे कारण. 'या दिवसापासून घरातली व्यक्ती तुम्हाला ओळखणार नाही.' त्याप्रमाणे सतरा हजार दुरुस्त्या तयार झाल्या. त्यांत एकही चूक सापडली नाही.

आठवड्याने रेवतीची पाळी आली. तिने पेटी उघडली तर चारशे बारा निरोप होते, माणसांच्या हातचे, कितीतरी भाषांतले. तिने ते वाचायला घेतले. यंत्राबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पहिला निरोप साताऱ्याच्या एका गृहस्थांचा होता. त्यांनी स्वतःची ओळख लिहिली होती, बोलकी बनवणाऱ्या सगळ्यांचे आभार मानले होते, आणि शेवटी, आपल्यामुळे कुणाला तसदी नको अशा बेताने, विचारलं होतं की त्यांच्या नावापुढची तारीख थोडी पुढे ढकलता येईल का.

दुसऱ्यानेही तेच विचारलं होतं, आणि तिसऱ्यानेही.