कठड्यावरच्या सात खुणा

"तुझे ते नवे कपाट जोडायला माणूस कधी येणार?" रात्रीची जेवणे आटोपल्यावर मामांनी भाचीला विचारले.

"उद्या. का हो मामा?"

"त्याच कामातल्या माझ्या मित्राच्या घरी घडलेले सांगतो. मधे प्रश्न नकोत."

हा मित्र एका मोठ्या दुकानाचे फर्निचर घरोघरी जाऊन जोडून देई. दिवसभर भुसा दाबून केलेल्या फळ्यांत स्क्रू पिळणारा हा गृहस्थ स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलीसाठी मात्र जुनी सागवानी खाट शोधत होता. एका वृद्ध बाईंकडे ती मिळाली. खिळा नाही, स्क्रू नाही. सांधा असा बसलेला, की नखही शिरू नये. फक्त कठड्यावर दातांच्या सात बारीक खुणा होत्या.

"त्या बुजवू नकोस हं," बाई म्हणाल्या. "आमच्या धाकट्याच्या आहेत. त्याचं तेवढंच उरलंय."

तो "हो" म्हणाला. पण दुकानाची शिस्त हाडीमाशी मुरलेली : ओरखडा दिसला, की माल परत. घरी येताच त्याने सातही खुणांत पुट्टी भरली आणि वरून पॉलिशचा हात फिरवला.

"दुकानात नव्या खाटांची रांग लागलीय, आणि तू हे जुनं धूड आणलंस!" बायको म्हणाली.

"अगं, त्या खाटा मीच जोडतो. म्हणून तर ही आणली!"

शनिवारची रात्र. दोन वाजून दहा मिनिटे.

कुर्र... कुर्र...

उंदीर असावा, म्हणून त्याने मोबाइलचा उजेड पाडला. मुलगी जागी होती. कठड्याकडे पाहून हसत होती. आवाज थांबला. त्याने कठड्याला हात लावला.

ओला होता.

"काय झालं रे?"

त्याने मुलीला बायकोच्या कुशीत दिले आणि खाट गॅलरीत ढकलून दाराला कडी घातली.

रविवारी दुकानातून नवी, पांढरी खाट आली. रात्री मुलीला तीत निजवून दोघे दोन बाजूंना जागत बसले.

दोन वाजून दहा मिनिटे.

कुर्र...

मुलगी गाढ झोपेत होती. मुठी मिटलेल्या. आवाज तिच्या उशाशी...

"उचल तिला!" तो ओरडला आणि गॅलरीत धावला. स्क्रूड्रायव्हरने पुट्टी टोकरू लागला. एक खूण... दुसरी... आत आवाज चालूच. "चुकलो रे बाळा... चुकलो..."

सातवी मोकळी झाली.

शांतता.

पुढे मुलगी त्या जुन्या खाटेतच वाढली.

"आणि नवी खाट?" भाचीने अखेर विचारलेच.

मामा उठले. कपाटातून मित्राने दिलेला वीतभर लांबीचा पांढरा तुकडा काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवला. वरचा थर फाटून आतला भुसा बाहेर आला होता. त्यात चार बारीक खुणा होत्या... शेजारी शेजारी.

"मुलीला तेव्हा एकही दात आला नव्हता," मामा म्हणाले.